नौकेवरील पाण्याची नळी : निवड, वापर आणि साठवण

कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक मच्छीमार नौका पाच-सहा दिवस, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ समुद्रात राहतात. सफरीस निघण्यापूर्वी डिझेल, बर्फ, शिधा आणि जाळी यांची जुळवाजुळव मोठ्या काळजीने केली जाते. डिझेल किती लागेल, बर्फाच्या लाद्या किती घ्याव्यात, याचा हिशेब तांडेलास तोंडपाठ असतो. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत मात्र टाकी भरली की काम झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. ते पाणी कोणत्या नळीतून टाकीत आले, ती नळी त्यापूर्वी कोठे पडलेली होती व कोणत्या कामासाठी वापरली गेली होती, याची चौकशी क्वचितच होते.

वस्तुतः नळावरचे पाणी शुद्ध असले तरी ते टाकीत पडेपर्यंत १५ ते २० मीटर नळीतून वाहत येते. नळी घाण असेल, तर शुद्ध पाणीही टाकीत घाण होऊनच पडते. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर दुसरे पाणी मिळत नाही. तेथे दोन-तीन खलाशी जुलाब-उलट्यांनी आडवे झाले, तर नौका अर्ध्या वाटेवरून परतवावी लागते. डिझेल जळून गेलेले असते, बर्फ वितळत असतो आणि मासळी हाती आलेली नसते. याहून मोठी गोष्ट म्हणजे आजारी माणसास दवाखान्यात पोहोचविण्यास कित्येक तास लागतात. यास्तव नळीसारख्या साध्या वस्तूची निवड आणि निगा यांकडे नौकामालक, तांडेल व ग्रामस्तरीय कार्यकर्ते या सर्वांनीच लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

बागेतील नळी आणि नौकेतील नळी

रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत अशी कितीतरी कुटुंबे आहेत की ज्यांची आंब्याची बागही आहे आणि नौकेत भागीही आहे. डिसेंबरपासून पुढे आंब्यास मोहोर येतो व फवारणीची कामे निघतात. मासेमारीचा हंगामही त्याच काळात भरात असतो. घरात नळी एकच असते. सकाळी ती बागेत जाते आणि सायंकाळी धक्क्यावर जाते.

फवारणीसाठी २०० लिटरांचे पिंप भरताना नळीचे टोक पिंपात सोडून दिले जाते. औषध पिंपात आधीच ओतलेले असले, तर ते टोक औषधाच्या पाण्यात बुडून राहते. मध्येच नळाचे पाणी गेले, तर नळीतील पाणी मागे ओढले जाते आणि त्याबरोबर औषधाचे पाणीही नळीत चढते. नंतर ती नळी वरून धुऊन पुसली, तरी आतील भाग तसाच राहतो. त्याच नळीने सायंकाळी नौकेची टाकी भरली, तर सात-आठ माणसांच्या पोटात काय जाईल, हे वेगळे सांगावयास नको.

असा प्रकार जाणूनबुजून कोणीच करीत नाही. तो कसा घडतो हे समजण्यासाठी खाडीकाठच्या धक्क्यावर सहज कानी पडावा असा एक संवाद येथे दिला आहे. नौकेची टाकी भरणे चालू आहे आणि गावचा कार्यकर्ता तेथे आला आहे.

“तांडेलकाका, ही नळी नौकेवरचीच ना?”

“नौकेवरची कसली, भाऊसाहेब? नौकेवरची उन्हाने फाटली. ही घरची आणली, मांगरातून. नवीच आहे, गेल्या शिमग्याला घेतली.”

“मांगरात ती कशासाठी वापरता?”

“बागेला पाणी घालतो. पिंप भरतो. दुसरे काय?”

“औषधाचे पिंप?”

तांडेल क्षणभर थांबले. त्यांनी तोटी बंद केली, नळीचे टोक उचलून नाकाशी धरले आणि मग टाकीकडे पाहिले. टाकी अर्धी भरली होती आणि ओहोटी लागावयास तासाभराचाच अवकाश होता.

“आता हे पाणी सोडून द्यावे लागणार म्हणता?”

“होय काका. टाकी रिकामी करून धुवा आणि पुन्हा भरा. नळी शेजारच्या नौकेची मागून घेऊ. आजची भरती चुकली तर उद्याची मिळेल. पोरे आजारी पडली तर ते भरून येणार नाही.”

तांडेल वयाने वडील आणि दर्यावर्दी. त्यांना समुद्राविषयी कोणी काही शिकवावे असे नाही. तरीही त्यांच्या हातून ही चूक होऊ पाहत होती, कारण नळीला ‘कामाची वस्तू’ मानण्याची सवय कोणालाच नसते. म्हणून पहिला नियम असा की पिण्याच्या पाण्याची नळी स्वतंत्र असावी. ती बागेत जाऊ नये, डिझेलच्या पिंपास लागू नये आणि फळ्या धुण्यासही वापरू नये. प्लॅस्टिक व रबर डिझेल शोषून घेतात. एकदा डिझेल वाहिलेली नळी कितीही धुतली तरी पाण्याच्या उपयोगाची राहत नाही.

पाणी किती व वेळ किती

नळी विकत घेताना बहुतेक जण किंमत व रंग पाहतात. खरे पाहता दोन गोष्टींचा हिशेब आधी करावयास हवा. नौकेस पाणी किती लागते आणि ते भरण्यास वेळ किती मिळतो, हा तो हिशेब होय.

समजा नौकेवर ७ माणसे आहेत व सफर ६ दिवसांची आहे. पिण्यास व स्वयंपाकास मिळून माणशी रोज १० लिटर पाणी धरले, तर ४२० लिटर पाणी लागेल. परतीस उशीर होण्याची शक्यता लक्षात घेऊन ५०० लिटरांची टाकी भरून घेणे शहाणपणाचे ठरेल.

आता वेळेचा विचार करू. खाडीतील कित्येक धक्क्यांना मोठी नौका भरतीच्या सुमारासच लागू शकते. पाणी उतरू लागले की तळ गाळास टेकण्यापूर्वी नौका बाहेर काढावी लागते. तेवढ्याच अवधीत बर्फ, डिझेल व शिधाही चढवावयाचा असतो. अशा वेळी पाणी भरण्यास तास-सव्वा तास लागला, तर घाई होते आणि घाईत चुका होतात.

बाजारात साधारणतः अर्धा इंच (१२.५ मि.मी.), पाऊण इंच (१९ मि.मी.) व एक इंच (२५ मि.मी.) आतील व्यासाच्या नळ्या मिळतात. अर्धा इंच आणि पाऊण इंच यांत फरक थोडा दिसतो, परंतु नळाचा दाब व नळीची लांबी सारखी असता पाऊण इंची नळीतून अर्ध्या इंचीच्या सुमारे तिप्पट पाणी येते. पाऊण इंची नळीने मिनिटाला २० लिटर पाणी येत असेल, तर ५०० लिटरांची टाकी २५ मिनिटांत भरते. तेच काम अर्ध्या इंची नळीने करावयाचे म्हटल्यास सव्वा तास लागतो.

मग एक इंची नळी का घेऊ नये, असा प्रश्न साहजिकच निघेल. धक्क्यावरील तोटीच जर अर्ध्या इंचाची असेल, तर पुढे कितीही रुंद नळी जोडली तरी तोटी देईल तेवढेच पाणी मिळते. शिवाय एक इंची नळी जड असते व जागाही अधिक अडविते. मध्यम आकाराच्या नौकेस पाऊण इंची नळी बहुधा योग्य ठरते.

आपल्या धक्क्यावर पाणी किती येते हे पाहण्याची रीत सोपी आहे. २० लिटरांची बादली नळीखाली धरावी व ती भरण्यास किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. एका मिनिटात भरली, तर ५०० लिटरांस २५ मिनिटे. तीन मिनिटे लागली, तर सव्वा तास. हा आकडा तांडेलाने लक्षात ठेवावा.

लांबी कशी ठरवावी

नळी फार लांब घेण्याकडे पुष्कळांचा कल असतो. परंतु लांबी दुप्पट केली, तर त्याच दाबाने येणारे पाणी सुमारे ३० टक्क्यांनी घटते. याशिवाय जास्तीची नळी सुकविण्यास, गुंडाळण्यास व ठेवण्यास त्रास होतो तो निराळाच. उलट नळी अपुरी पडली तर ती ताणली जाते, जोडणीतून सुटते व तिचे टोक धक्क्याच्या चिखलात पडते.

लांबी पुढीलप्रमाणे मोजावी. तोटीपासून धक्क्याच्या काठापर्यंतचे अंतर ९ मीटर, ओहोटीच्या वेळी काठापासून नौकेच्या फळीपर्यंतची उतरण ३ मीटर, फळीवरून टाकीच्या तोंडापर्यंत ४ मीटर आणि सैल सोडण्यासाठी २ मीटर, अशी एकूण लांबी १८ मीटर होते. अशा ठिकाणी २० मीटरांची नळी घ्यावी. उतरण मोजताना भांगाच्या दिवशी न मोजता उधाणाच्या ओहोटीस मोजावी, कारण त्या दिवशी पाणी सर्वांत खाली जाते. बंदरात नौका एकमेकींना लागून दोन-तीन रांगांत बांधल्या जात असतील, तर मधल्या नौकांची रुंदीही धरावी.

२० मीटरांची एकच नळी घेण्याऐवजी १० मीटरांचे दोन तुकडे घेतले तर ते हाताळण्यास व ठेवण्यास सोपे जातात. तोटी जवळ असेल तेव्हा एकाच तुकड्यावर काम भागते. मात्र मधला जोड धक्क्यावरील मासळीच्या पाण्यात पडणार नाही, अशा बेताने तो उंचावर ठेवावा.

नळ्यांचे प्रकार

नौकेवर जागा थोडी असते. म्हणून आटोपशीर, कमी जागेत मावणारी नळी सर्वांनाच हवी असते. परंतु आटोपशीर दिसणारी प्रत्येक नळी टाकी भरण्याच्या कामाची नसते. बाजारात मिळणारे मुख्य प्रकार व त्यांचे गुणदोष पुढे दिले आहेत.

१. जाळीदार प्लॅस्टिकची नळी : हिच्या दोन थरांमध्ये धाग्याची वीण असते, त्यामुळे ती दाब सहन करते व सहसा फुगत नाही. ती सर्वत्र मिळते व दुरुस्तीसही सोपी असते. उन्हात राहिल्यास ती कडक होते व तिला भेगा पडतात. जागा मध्यम लागते. नियमित वापरासाठी हा प्रकार भरवशाचा आहे.

२. रबरी नळी : ही मजबूत असते व धक्क्याच्या दगडावर घासली तरी लवकर फाटत नाही. परंतु ती वजनाने जड असते आणि साध्या रबराचा वास व चव पाण्यास लागते. फळ्या व जाळी धुण्यास ती उत्तम, पिण्याच्या पाण्यास साधी रबरी नळी घेऊ नये.

३. चपटी नळी : पाणी नसता ही पट्ट्यासारखी चपटी होते आणि गुंडाळली असता लहानशा टोपलीत मावते. जागेच्या दृष्टीने हिच्यासारखी दुसरी नाही. मात्र पाणी सोडण्यापूर्वी ती पूर्ण उलगडावी लागते, अर्धी गुंडाळलेली ठेवून चालत नाही. धक्क्याच्या काठावर ती मुडपते व पाणी अडते, म्हणून काठावर पोत्याची जाड घडी ठेवून तीवरून नळी न्यावी. घडीच्या कडा कालांतराने झिजतात, तेथे लक्ष ठेवावे. शेतात पंपाच्या पाण्यासाठी जी चपटी नळी वापरतात, ती पिण्याच्या पाण्यासाठी बनविलेली असेलच असे नाही. तेव्हा शेतातील नळी कापून नौकेवर नेऊ नये.

४. वेटोळी नळी : ही स्प्रिंगप्रमाणे ओढली की लांबते व सोडली की आपोआप आखडते. हिचा आतील व्यास बहुधा अर्ध्या इंचाहून कमी असतो, त्यामुळे पाणी संथ येते. वेटोळी एकमेकांत अडकतात आणि नळी सतत मागे ओढ घेत असल्याने टाकीच्या तोंडातून निसटते. नौकेवरील लहान पंपाला जोडून फळ्या धुण्यास ती सोयीची आहे. टाकी भरण्यास नव्हे.

५. ताणणारी नळी : कापडी आवरणात पातळ रबरी नळी असते. पाण्याच्या दाबाने ती मूळ लांबीच्या सुमारे तिप्पट होते व पाणी बंद केले की आखडते. ती हलकी व लहान असल्याने मन आकर्षून घेते. परंतु ती लांबण्यास चांगला दाब लागतो, कमी दाबाच्या नळावर ती आखूडच राहते. आतील पातळ नळी उन्हाने व टोकदार वस्तूने लवकर फुटते. कापडी आवरण खाऱ्या पाण्याने व मासळीच्या घाणीने भिजले की सुकत नाही. मासेमारी नौकेवर या नळीचा भरवसा धरू नये.

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की पिण्याच्या पाण्यासाठी जाळीदार प्लॅस्टिकची किंवा चपटी, यांपैकी एक नळी निवडणे हिताचे आहे. दोहोंपैकी कोणतीही घेतली तरी ती पिण्याच्या पाण्यासाठी योग्य आहे, असा उत्पादकाचा स्पष्ट उल्लेख नळीवर अथवा वेष्टनावर असल्याची खात्री करून घ्यावी. साध्या प्लॅस्टिकच्या नळीत ती मऊ राहावी म्हणून जी द्रव्ये मिसळतात, ती पाण्यात, विशेषतः तापलेल्या पाण्यात, उतरू शकतात. दुकानात नळीचे टोक नाकाशी धरून पाहावे. उग्र वास येत असेल तर ती नळी पिण्याच्या पाण्यासाठी घेऊ नये. गडद रंगाची नळी उन्हात अधिक तापते, म्हणून निळ्या अथवा पांढऱ्या रंगाची नळी पसंत करावी. पारदर्शक नळीतून उजेड आत जातो व आत शेवाळ धरते, म्हणून तीही टाळावी.

जोडण्या

नळी चांगली परंतु जोडणी वाईट, असे पुष्कळदा आढळते. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी क्लिप थोड्याच दिवसांत गंजते. क्लिप स्टेनलेस स्टीलची घ्यावी. ३१६ प्रतीचे स्टील मिळाल्यास अधिक चांगले, कारण खाऱ्या पाण्यात ते अधिक टिकते. पितळी जोडणीवर ॲल्युमिनियमची जोडणी बसवू नये. दोन निराळ्या धातूंच्या मध्ये खारे पाणी गेले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते व पेच घट्ट अडकून बसतो. साध्या पितळेत शिशाचा अंश असू शकतो, म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी शिसेविरहित पितळेच्या, स्टेनलेस स्टीलच्या अथवा चांगल्या प्लॅस्टिकच्या जोडण्या वापराव्यात. जोडणीतील रबरी वायसर दर हंगामात बदलावा आणि दोन वायसर नौकेवर जवळ ठेवावेत.

नौकेवर दोन नळ्या असतील, तर पिण्याच्या नळीस एका मापाची व धुण्याच्या नळीस दुसऱ्या मापाची जोडणी बसवावी. मग अंधारात अथवा घाईतही एकीच्या जागी दुसरी बसणार नाही. शिवाय पिण्याच्या नळीच्या दोन्ही टोकांस निळी व धुण्याच्या नळीस लाल पट्टी गुंडाळावी. नवीन खलाशास हा फरक पहिल्याच दिवशी दाखवून द्यावा.

वापरताना घ्यावयाची काळजी

पाऊण इंची २० मीटर नळीत सुमारे साडेपाच लिटर पाणी राहते. मागील वेळचे पाणी नळीत तसेच राहिले असेल, तर ते उन्हाने तापलेले व नासलेले असते. नळी रिकामी करून ठेवली असली तरीही आत थोडी ओल उरतेच. म्हणून नळी जोडल्यावर पहिली २० लिटरांची बादली टाकीत सोडू नये. नळीतील पाण्याच्या तिप्पटीहून अधिक पाणी त्या एका बादलीत निघून जाते. हे पाणी फुकट घालवावयाचे नाही, फळ्या व भांडी धुण्यास ते उपयोगी पडते. पाण्याची टंचाई असलेल्या गावीही एवढी एक बादली बाजूस काढणे परवडणारे आहे.

दुसरी गोष्ट अशी की नळीचे टोक टाकीतील पाण्यात बुडू देऊ नये. गावोगाव नळास पाणी ठरावीक वेळीच येते व मध्येच जातेही. पाणी गेले की जलवाहिनीत ओढ निर्माण होते आणि टाकीतील पाणी नळीवाटे उलटे चढून गावाच्या नळात जाऊ शकते. टाकी अस्वच्छ असेल, तर साऱ्या वाडीस त्याचा उपद्रव होतो. यासाठी टाकीच्या तोंडाच्या वरच्या कडेपासून नळीचे टोक निदान नळीच्या व्यासाच्या दुपटीइतके वर राहील, अशी खुंटी किंवा आकडा टाकीवर बसवावा. पाऊण इंची नळीस दोन बोटे अंतर पुरे. याच कारणास्तव नळीचे टोक फवारणीच्या पिंपात अथवा नौकेच्या तळाशी साचलेल्या पाण्यात कधीही सोडू नये.

बंदरातील पाण्यात डिझेल, मासळीचा कचरा व सांडपाणी मिसळलेले असते. नळीचे टोक त्यात पडले, तर ते स्वच्छ पाण्याने आतून-बाहेरून धुतल्याखेरीज टाकीत घालू नये. बर्फाचा खण व मासळी धुण्यासाठीही बंदरातील पाणी घेऊ नये. ते काम किनाऱ्यापासून दूर गेल्यावर स्वच्छ समुद्राच्या पाण्याने, धुण्याच्या नळीने करावे.

नौकेवर नळी कशी ठेवावी

नळीचे आयुष्य तिच्या किमतीपेक्षा ती ठेवण्याच्या रीतीवर अधिक अवलंबून असते. काम झाले की ती केबिनच्या टपावर टाकून द्यावयाची, हा सर्वसाधारण प्रघात आहे. तेथे तिला दिवसभर ऊन लागते, आतील पाणी तापते आणि अशा कोमट पाण्यात जंतूंची वाढ होते. काही दिवसांनी नळीच्या आतून बोट फिरविल्यास बुळबुळीत थर लागतो. हा थर साध्या पाण्याने निघत नाही.

काम संपताच प्रथम नळी रिकामी करावी. तोटीकडील टोक सोडवून खांद्याइतके उंच धरावे आणि नळी हातावरून पुढे सरकवीत दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे. सर्व पाणी उताराने निघून जाते. साडेपाच लिटर पाण्याचे वजन साडेपाच किलो असते, तेवढा भार हलका होतो हाही एक लाभच आहे. चपटी नळी असल्यास ती एका टोकाकडून घट्ट गुंडाळीत गेल्याने पाणी आपोआप बाहेर पडते.

त्यानंतर नळीची वेटोळी घालावी. दोर गुंडाळण्यात आपले खलाशी निष्णात असतात. दोरास पीळ असतो, म्हणून तो एकाच दिशेने गुंडाळतात. नळीस पीळ नसतो. ती सतत एकाच दिशेने गुंडाळली की तिच्यात पीळ भरतो आणि उलगडताना ती जागोजाग मुडपते. यासाठी एक वेटोळे उजवीकडून व पुढचे डावीकडून, अथवा इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे वेटोळी घालावीत. वेटोळी फार लहान करू नयेत. नळी कोठेही चपटी न होता सहज वळेल एवढी ती मोठी असावीत. नळी खिळ्यावर टांगू नये, कारण सर्व भार एकाच जागी येऊन तेथे ती चिरते. जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचे बूड फळीवर आडवे ठोकून बसविले, तर नळी टांगण्यास ती उत्तम गोल खुंटी होते, आणि बादलीच्या पोटात जोडण्या व वायसर ठेवता येतात.

टोके उघडी ठेवू नयेत. दोन्ही टोकांच्या जोडण्या जुळणाऱ्या असल्यास ती एकमेकांत बसवून टाकावीत, म्हणजे धूळ, झुरळे किंवा पाली आत शिरत नाहीत. अन्यथा टोकांस टोपणे लावावीत. त्यानंतर नळी जाळीच्या पिशवीत घालून केबिनमध्ये सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावी. इंजिन, बॅटरी व डिझेलचे पिंप यांच्याजवळ ती ठेवू नये. उंदीर प्लॅस्टिक कुरतडतात, हे ध्यानात घेऊन नळी जमिनीलगत न ठेवता टांगलेलीच बरी.

नळीचे निर्जंतुकीकरण

महिन्यातून एकदा आणि हंगामाच्या प्रारंभी नळी निर्जंतुक करून घ्यावी. ग्रामपंचायतीत पाणी शुद्धीकरणासाठी वापरली जाणारी टी.सी.एल. पावडर यास पुरेशी आहे. २० लिटर स्वच्छ पाण्यात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम पावडर मिसळावी. पावडरीत २५ टक्के क्लोरीन असेल, तर या प्रमाणाने लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. पावडर जुनी किंवा ओलसर झालेली असेल तर तिचा जोर कमी झालेला असतो, ती वापरू नये. द्रावण अर्धा तास निवू द्यावे आणि वरचे स्वच्छ पाणी तेवढे घ्यावे. खाली बसलेला चुना नळीत जाऊ देऊ नये.

नळीची दोन्ही टोके वर धरून एका टोकातून नरसाळ्याने हे पाणी ओतावे. ते दुसऱ्या टोकातून बाहेर येऊ लागले की नळी पूर्ण भरली असे समजावे. दोन्ही टोकांस टोपणे लावून नळी रात्रभर सावलीत तशीच राहू द्यावी. सकाळी पाणी सोडून द्यावे आणि क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत नळी स्वच्छ पाण्याने धुवावी. पावडर हाताळताना तोंड वाऱ्याकडे करू नये व हात लगेच धुवावेत. बुळबुळीत थर फारच साचला असेल, नळीला डिझेलचा वा औषधाचा वास येत असेल, अथवा वाकविताच तिला भेगा दिसत असतील, तर निर्जंतुकीकरणाच्या भानगडीत न पडता ती नळी पिण्याच्या कामातून बाद करावी.

टाकीतील पाण्याची परीक्षाही करता येते. गावच्या पाण्याची ओ.टी. चाचणी जशी घेतात, तशीच ती टाकी भरल्यावर घ्यावी. आय.एस. १०५०० या भारतीय मानकानुसार क्लोरीन घालून शुद्ध केलेल्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास पाहिजे. तोटीच्या पाण्यास पिवळा रंग आला व टाकीच्या पाण्यास आला नाही, तर नळीत किंवा टाकीत घाण आहे असे निश्चित समजावे.

पावसाळ्यातील साठवण

१ जूनपासून मासेमारी बंद होते व नौका ओढून किनाऱ्यावर घेतल्या जातात. इंजिन व जाळी यांची दुरुस्ती या काळात होते. नळी मात्र नौकेतच विसरली जाते आणि दोन महिने ओलीत पडून राहते. तसे न करता नौका वर घेतली त्याच आठवड्यात नळी घरी आणावी. ती गोड्या पाण्याने धुऊन, वर सांगितल्याप्रमाणे निर्जंतुक करून, पुरती निथळू द्यावी. दोन दिवस सावलीत टांगून वाळवावी, टोपणे लावावीत आणि पडवीत उंचावर ठेवावी. फवारणीचा पंप, खते व औषधे ज्या खोलीत असतात तेथे ती ठेवू नये. पिशवीवर ‘पिण्याचे पाणी’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे, म्हणजे घरातील कोणी ती चुकून बागेत नेणार नाही.

कार्यकर्त्यांसाठी

किनाऱ्यावरील गावांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, तसेच २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून नेमलेल्या सागरमित्रांनी या विषयावर स्वतंत्र सभा भरविण्याची आवश्यकता नाही. धक्क्यावर पाणी भरण्याच्या वेळी जावे आणि एखाद्या नौकेची नळी पाहावी. बादली लावून पाणी मोजून दाखवावे. नळीतून निघालेले पहिले पाणी काचेच्या पेल्यात धरावे व दहा मिनिटांनी पुन्हा धरावे. दोन पेले शेजारी ठेवले म्हणजे जे व्याख्यानाने पटत नाही ते डोळ्यांस दिसते. बागाईतदार बंधूंना फवारणीविषयी मार्गदर्शन करतानाही नळीचा विषय आवर्जून काढावा. धक्क्यावरील तोटीखाली चिखल साचत असेल, तर तेथे फरशी व नळी टांगण्यास एक खुंटी बसविण्याविषयी मच्छीमार सहकारी संस्थेस व ग्रामपंचायतीस सुचवावे.

नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केला जातो आणि हंगामाच्या पहिल्या सफरीची तयारी सुरू होते. इंजिन तपासले जाते, जाळ्यांचे फाटके भाग सांधले जातात. त्याच दिवशी पिशवीतून पाण्याची नळी बाहेर काढावी, तिचा वास घ्यावा, वायसर बदलावा आणि पहिली बादली फळ्या धुण्यास वापरावी. या कामास अर्धा तास पुरतो. टाकीतील पाणी शेवटच्या दिवसापर्यंत गोड राहिले, की त्या अर्ध्या तासाचे मोल सर्व खलाशांना पटते.